टीव्ही थांबवून साडीचा फोटो काढणाऱ्या बायका (यात मीही आले)

द्राक्षवेल (धागाकर्ती)

परवा रात्री मालिकेतल्या सुनेनं हळदीकुंकवाला नेसलेली साडी बघून माझ्या धाकट्या जावेनं रिमोट उचलला आणि टीव्ही थांबवला. मला वाटलं फोन आला. तर ती उठून टीव्हीपुढे गुडघ्यांवर बसली, पदराचा फोटो काढला आणि गूगल लेन्सला दाखवला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पुढचं तरी बघू दे." साडी सापडली. म्हणजे ती नाही, तिच्यासारख्या दिसणाऱ्या चाळीसेक सापडल्या. त्यातली एक ७९९ रुपयांची, घरपोच, पैसे साडी आल्यावर. मालिकेतल्या बाईनं करंडा हातात घ्यायच्या आत आमच्या घरात ऑर्डर होऊन गेली होती.

चौथ्या दिवशी पुडकं आलं. रंग साधारण तोच. कापड मात्र हातात घेतलं की पावसाळी छत्रीसारखं सळसळतं. पदरावरची जरी म्हणजे पिवळी छपाई. आणि नाव काय, तर 'पैठणी बनारसी कांजीवरम सॉफ्ट सिल्क'. चार सासरं एकाच साडीला!

माझं म्हणणं असं. पूर्वीही टीव्हीत बघून साड्या आवडायच्याच, पण नाशिकच्या मेन रोडला जायला आठ-पंधरा दिवस लागायचे. तोवर निम्मी हौस विरायची. उरलेली घेऊन कापड पेठेत जायचं, "अहो, ती नाही का, हिरवट, बारीक बुट्ट्यांची" असं सांगायचं. मग दुकानदार गादीवर वीस-पंचवीस साड्या उलगडणार, त्यातल्या दहांना तरी आपला हात लागणार. घरी यायचो ते बहुतेक वेळा भलतीच साडी घेऊन, पण कापड बघून घेतलेली असायची.

माझ्या आईकडे एक पैठणी आहे. २००९ साली आमच्या गणेश मंडळानं 'होम मिनिस्टर'सारखा खेळ ठेवला होता, त्यात जिंकलेली. अजून तिचा तुकतुकीतपणा गेलेला नाही. ती साडी आणि हे सात-नव्व्याण्णव शेजारी ठेवून बघितलं आणि हा धागा काढावासा वाटला. मालिका आणि मोबाईलमधला शोध या दोघांनी मिळून आपली कापडाची नजर घालवली, असं माझं स्पष्ट मत आहे. पटत नसेल तर भांडा.

कापडपेठकर

भांडतो. तीस वर्षं गादीवर बसलोय, तेव्हा थोडा अधिकार आहे.

गिऱ्हाईक मालिकेचं नाव घेऊन दुकानात येतं, हे आजचं नाही. २०१२ ला 'उंच माझा झोका' लागली आणि लहान मुलींच्या शिवलेल्या नऊवाऱ्या कुठे मिळतील म्हणून आयांनी आम्हाला भंडावलं. २०१३ ला 'होणार सून मी ह्या घरची' आली. सराफ बाजारात माझा मित्र आहे, त्याच्याकडे दिवसभर एकच प्रश्न: जान्हवीचं मंगळसूत्र आहे का? शेवटी त्यानं काचेवर कागद चिकटवला, 'जान्हवी मिळेल'. बाहेरगावच्या एका आजोबांनी आत येऊन विचारलं, कोण मुलगी हरवलीय? 'जय मल्हार'च्या दिवसांत कानडे मारुती लेनमध्ये म्हाळसेच्या दागिन्यांवर उड्या पडायच्या. यातलं काहीही मोबाईलमुळे झालेलं नाही.

आता तुमच्या 'नजरे'बद्दल. ताई, राग मानू नका. दहातल्या आठ बायका साडीला हात लावून मला विचारायच्या, "प्युअर आहे ना?" मी "हो" म्हटलं की विषय संपला. ती नजर नव्हती, आमच्यावरचा विश्वास होता. आमच्यातल्या काहींनी तो विकून खाल्ला, तेही सांगून टाकतो.

खरा फरक दुसरीकडे पडलाय. पूर्वी 'तशी' साडी चालायची. आता 'हीच' लागते. पोरगी फोन पुढे धरते आणि बोटांनी फोटो मोठा करून काठ दाखवते. मालिकेला साड्या कुठलं तरी दुकान पुरवतं, शेवटी पळणाऱ्या नावांत 'वेशभूषा सौजन्य' म्हणून त्याचं नाव असतं. शूटिंग आधी झालेलं असतं, साडी पडद्यावर येईतो तो लॉट संपलेला. मग 'हीच' द्यायला उरते कोण? सुरतेची छापील नक्कल. तुमच्या जाऊबाईंकडे आली ती.

शंकेखोर

दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे: मालिकेमुळे शोध वाढतो. कशावरून?

लोक लगेच गूगल ट्रेंड्सचा, म्हणजे कुठला शब्द कधी किती शोधला गेला त्याचा, आलेख दाखवतात. त्यातला १०० म्हणजे शंभर माणसं नव्हेत. निवडलेल्या काळातला सर्वांत उंच बिंदू म्हणजे १००, बाकी सगळं त्याच्या प्रमाणात. कुठल्याही शब्दाचा आलेख कधीतरी शंभराला टेकतोच. एखाद्या मालिकेतल्या साडीचं नाव टाकून एका शहरापुरतं बघायला जा, बहुतेक वेळा पुरेशी माहिती नाही असंच उत्तर येईल.

दुसरं. पैठणीचे, नथीचे, काठपदराचे शोध कधी वाढणार? श्रावणात, गौरींना, दिवाळीत, लग्नसराईत. आणि मालिकावाले मंगळागौर कधी दाखवतात? श्रावणातच. मग तुमच्या जावेनं साडी मालिकेमुळे शोधली की श्रावणामुळे? मालिका नसती तर तिनं श्रावणात साडी घेतलीच नसती, असं छातीठोक म्हणाल?

द्राक्षवेल

श्रावण नव्हता. आणि ती वर्षभर घेते.

गोदाकाठ

@शंकेखोर, तुमचा आलेखाचा मुद्दा मान्य, पण एक जुना दाखला तुमच्या विरुद्ध जातो. फेब्रुवारी २००० मध्ये ग्रॅमी पुरस्कारांच्या सोहळ्याला गायिका जेनिफर लोपेझ वर्साचीचा हिरवा झगा घालून गेली. तो बघायला जग गूगलवर धावलं आणि गूगलकडे द्यायला होत्या नुसत्या ओळी, मजकुराच्या. लोकांना हवं होतं चित्र. २००१ साली गूगलचा चित्रशोध सुरू झाला, त्यामागे हा झगा होता असं खुद्द गूगलचे तेव्हाचे कार्यकारी अध्यक्ष एरिक श्मिट यांनी २०१५ साली लिहिलंय. म्हणजे पडद्यावरच्या कपड्यानं शोध वाढवला एवढंच नाही, शोधायची एक नवी रीतच जन्माला घातली. द्राक्षवेलताईंची जाऊ गुडघ्यांवर बसली ती त्याच झग्याच्या वंशातल्या यंत्रापुढे.

शंकेखोर

एका रात्रीचा एक झगा आणि रोज रात्री नेसल्या जाणाऱ्या साड्या, यात फरक आहे. पण दाखला चांगला आहे. मला माहीत नव्हता.

सिडकोची सून

सगळे शहाणे बोलून झाले असतील तर एक कामावरची बाई बोलते.

अंबड एमआयडीसीत आहे. सुटते सहाला, घरी पोचते पावणेसातला. मेन रोडला गाडी लावायला जागा शोधायची तर साडी नेसायचा कार्यक्रमच उरकून जाईल. पण ते सोडा. मला दुकानात जायला आवडत नाही, त्याचं कारण गाडी नाही.

लहानपणी आईबरोबर जायचे. सेल्समन पहिलं विचारणार, "बजेट काय?" आई आकडा सांगायची आणि त्याचा हात वरच्या फळीकडून खालच्या फळीकडे यायचा. पाच-सहा साड्या उलगडून झाल्या की न घेता उठायची तिची हिंमत व्हायची नाही. त्यानं एवढी टाकली बिचाऱ्यानं, म्हणून ती न आवडलेली साडी घेऊन यायची. तुमचं ते गादीवरचं सुख सगळ्यांना मिळत नव्हतं, ताई.

मी आता रात्री जेवण झाल्यावर मोबाईलवर चाळीस साड्या टोपलीत टाकते आणि झोपायच्या आधी अडतीस काढून टाकते. कुणी तोंड वाकडं करत नाही. ७९९ ची साडी ७९९ चीच असते हे तुमच्या जावेला कळत नसेल, असं तुम्हाला का वाटलं? एका हळदीकुंकवाला नेसायची, चार फोटो काढायचे, भिशीत बायकांनी विचारायचं. त्याला सात-नव्व्याण्णव महाग नाहीत.

आणि मालिका सासूबाई बघतात. मी रील बघते. मालिकेतल्या साडीचं रील होऊन माझ्याकडे येतं, ते वेगळं.

द्राक्षवेल

एक गोष्ट मी मुद्दाम लिहिली नव्हती, आता लिहिते. जावेनं ती साडी परत केली नाही. तिला आवडली. सळसळ मला ऐकू येते, तिला नाही.

बजेटचं वाचून मात्र गप्प झाले. तो खालच्या फळीकडे येणारा हात मीही पाहिलाय.

कापडपेठकर

@सिडकोची सून, बजेट विचारतो ते वेळ वाचावा म्हणून. पण तुमच्या आईंना कसं वाटलं असेल ते आज पहिल्यांदा डोक्यात आलं. मुलगा बसतो आता गादीवर, त्याला सांगतो.

सुईदोरा

माझं ब्लाउज शिवायचं काम आहे, पवननगरला. मालिकांचा परिणाम विचाराल तर तो माझ्या मशीनवर मोजा.

पोरी फोटो दाखवतात, "काकू, सेम असा." फोटोत हिरॉईन समोरून. मागचा गळा कसाय? माहीत नाही. ती मालिकेत कधी पाठ फिरवतच नाही, रडली तरी कॅमेऱ्याकडे तोंड करून रडते. मग मागचा गळा मी ठरवते आणि त्यांना तो 'सेम' वाटतो. त्यातून त्या ब्लाउजला मागून पिना मारून अंगाबरोबर बसवलेलं असतं, हे कोण सांगणार? इथे बाईला त्याच ब्लाउजमध्ये पोळ्या लाटायच्या असतात.

खणाचं तर विचारूच नका. खण मूळचा चोळीचा. पन्हा अरुंद, तिकडे बागलकोटकडच्या गुळेदगुड्डचा माल. आता खणाची साडी, खणाचा कुर्ता, खणाची पर्स, आणि नवऱ्याला जोडीचं जाकीट. मला काम मिळतं, तक्रार नाही. फक्त एकीनं मला विचारलं, "ओरिजिनल खणाची साडी आहे का, आजीच्या काळातली?" आता आजीच्या काळात ती नव्हतीच, तर ओरिजिनल कुठून आणू?

धोटा

येवल्याहून लिहितोय. घरात दोन माग आहेत. वडील आणि थोरला भाऊ विणतात, मी ऑर्डरी, फोन आणि पार्सलं बघतो. दोन दिवस नुसता वाचत होतो, पण पैठणीचं नाव इतक्यांदा आलं की राहवलं नाही.

२००४ ला 'होम मिनिस्टर' सुरू झालं. आदेश भावोजी रोज संध्याकाळी कुणाच्या तरी घरात जायचे आणि जिंकणाऱ्या वहिनीला पैठणी द्यायचे. त्याआधी पैठणी म्हणजे मोठ्या घरच्या लग्नातली, नाहीतर आजीच्या ट्रंकेतली. कितीतरी घरांत ती नुसती ऐकून ठाऊक. ती रोज कानावर आणि डोळ्यावर पडायला लागली. टीव्हीनं आमचं गिऱ्हाईक वाढवलं, हे मी तरी नाकारणार नाही. २०१० ला पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलंच झालं, पण मानांकनाचा कागद बघून आजवर एकही बाई आमच्या दारात आलेली नाही. भावोजींचं नाव घेत मात्र पुष्कळ आल्या. २०२२ ला 'महामिनिस्टर'मध्ये अकरा लाखांची पैठणी ठेवली, तेव्हा तर लोक फोन करून विचारायचे, तुमच्याकडे अकरा हजारांत बसेल का तशी?

पण भूक टीव्हीनं लावली आणि वाढायला बसला दुसराच. मोबाईलमध्ये 'पैठणी' लिहून बघा. वर वर येतो तो यंत्रावरचा माल, त्याखाली छापील. 'आर्ट सिल्क' वाचून बायकांना वाटतं कलाकुसरीचं रेशीम. त्यातलं आर्ट म्हणजे आर्टिफिशियल, कृत्रिम. आमच्याकडं रेशीम येतं बंगळूरकडून, जरी सुरतेहून. हातमागावर साधी काठपदराची साडी उतरायला तीन-चार आठवडे जातात, पदरात मोर, आसावलीची वेल भरगच्च असेल तर महिने. रंगागणिक धाग्याची वेगळी तिल्ली (छोटी नळी) हातानं फिरवावी लागते. ७९९ मध्ये साडी सोडा, तिला लागणारं नुसतं रेशीमही येत नाही.

तरी द्राक्षवेलताईंची बाजू मी पुरती घेऊ शकत नाही, कारण आमची चूल त्याच मोबाईलवर पेटते. पूर्वी माल पेढीवर टाकायचा, पेढीवाला देईल तो भाव. आता पुण्या-ठाण्याची बाई व्हिडिओ कॉलवर मागासमोर बसलेल्या वडलांना बघते आणि थेट पैसे पाठवते. २०२० ला सगळं बंद होतं, तेव्हा याच रस्त्यानं चार साड्या गेल्या आणि घर चाललं.

जाच आहे तो रंगाचा. मालिकेचा स्क्रीनशॉट पाठवतात, हाच वांगी पाहिजे. पडद्यावरचा वांगी म्हणजे दिव्यांचा खेळ. हातात गेला की जांभळा निघतो. महिनाभर विणलेली साडी 'रंग वेगळा' म्हणून परत आली, तेव्हा भाऊ दोन दिवस जेवला नव्हता. तेव्हापासून मी उन्हात धरून व्हिडिओ काढतो आणि लिहून घेतो, हा रंग मंजूर.

बाकी नजर-बिजर फार अवघड नाही. पदर उलटा करून बघा. हातमागाच्या पदराची दोन्ही अंगं जवळजवळ सारखी दिसतात. यंत्राची असेल तर मागच्या अंगाला नक्षीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुटे धागे लोंबतात, नाहीतर ते कापल्याची कुसं हाताला लागतात. बास, एवढंच.

कापडपेठकर

एक जोडतो. यंत्रावरची साडी 'सेमी' म्हणून विकली तर त्यात पाप नाही. माझ्याकडे आहे, वेगळ्या फळीवर, पाटी लावून. पाप ती पाटी काढण्यात आहे.

धोटा

काका, पाटी लावणारे तुमच्यासारखे असते तर मी हे लिहिलं नसतं. आमच्या गावातसुद्धा सगळे लावत नाहीत. बस स्टँडवर उतरलेल्या गिऱ्हाइकाला 'येवल्याची' म्हणून काय काय खपवतात ते आम्हाला दिसतं. येवल्यात घेतली म्हणजे येवल्यात विणली, असं नाही.

शंकेखोर

म्हणजे फसवणूक दुकानात होती, गावात होती, मोबाईलमध्येही आहे. मग धाग्याच्या मूळ विधानाचं काय? "नजर घालवली" असं लिहिलंय. कधी होती, याचा एक तरी पुरावा धागाकर्तीनं द्यावा.

द्राक्षवेल

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण पुरावा आणायला पंचवटीत आईकडे गेले होते.

आईची पैठणी काढली. तिला सांगितलं, ऊन दाखवायचंय. गच्चीत चटईवर पसरली आणि ती चहा करायला खाली गेल्यावर पदर उलटा केला.

मोराच्या पाठीमागे धागे. या टोकापासून त्या टोकापर्यंत. काही कापलेले, त्यांची कुसं बोटांना लागली. धोटा यांनी लिहिलंय तसंच, शब्द न् शब्द. काठालाही तेच.

२००९ साली आमच्या घरात इंटरनेट नव्हतं. मंडळानं ती कुठून आणली, त्यांना तरी ठाऊक होतं का, आता विचारण्यात अर्थ नाही. आईनं ती माझ्या लग्नात नेसली, भावाच्या मुंजीत नेसली. मामींनी, मावशांनी, शेजारणींनी हात लावून बघितली आणि प्रत्येकीनं "काय पोत आहे!" म्हटलं. मीही म्हटलं. सतरा-अठरा वर्षांत एकीनंही उलटी करून बघितली नाही. शंकेखोर, तुमचा मुद्दा तुमच्याच खिशात ठेवा, मला आता काही बोलता येत नाही.

अर्धं मत अजून शिल्लक आहे. टीव्ही बघता बघता हात ऑर्डरीकडे जातो, मधे श्वास घ्यायलाही जागा नाही, हे मला अजून खटकतं. मालिका मात्र निर्दोष सोडावी लागेल. मंडळाचा तो खेळ टीव्हीमुळेच होता म्हणा, पण मागचं अंग न बघणं आमचं आमचं होतं.

आईला सांगितलेलं नाही. जावेला सांगितलं. मला वाटलं होतं हसेल. तिनं विचारलं, "मग माझी ती सळसळती दाखवू का त्यांना, की नको?"

सिडकोची सून

नका सांगू आईंना.

सुईदोरा

सांगा की. मोर मोरच राहील. आणि ब्लाउज अजून होतं का बघा, नसेल तर घेऊन या, उसवून देते.

धोटा

ताई, हातमागाची असो की यंत्राची, एक करा. दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर जरीचा धागा त्याच त्याच रेषेवर मोडतो. जुन्या मऊ सुती धोतरात गुंडाळून ठेवा. कपाटात डांबरगोळ्या असतील तर काढा, जरी काळी पडते.